पाताळगंगेचे ऋण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेच्या तीरावरील जुने गाव. दसऱ्यास ज्याची पाने आपण सोने म्हणून वाटतो, त्या वृक्षाचेच नाव या गावास लाभले आहे. एका अंगास कर्नाळ्याचा सुळका, दुसऱ्या अंगास माणिकगड. पूर्वी धरमतरच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर होड्या येथवर येत. कर्नाळ्याचे अरण्य 1968 साली पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले.

भूगोल शिकविताना मी मुलांस नेहमी सांगत असे की, सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील पाणी बंगालच्या उपसागरास मिळते. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग आपली नदी वैशाखातही वाहती कशी?" त्या वेळी मजपाशी उत्तर नव्हते. पुढे ते मिळाले. लोणावळ्याच्या परिसरातील वळवण, शिरवटा आदी तलावांत साठविलेले पाणी टाटांच्या योजनेने 1915 पासून घाटाखाली खोपोलीस उतरते. तेथे वीज निर्माण करून ते पाताळगंगेत येते. इंद्रायणी, भीमा व कृष्णा यांच्या वाटेने पूर्वसमुद्रास जावयाचे पाणी आपल्या दारावरून अरबी समुद्रास जाते!

म्हणजे आपला बारमाही प्रवाह हे केवळ निसर्गाचे देणे नव्हे. घाटावरील ज्या मावळकऱ्यांच्या जमिनी तलावांखाली गेल्या, त्यांच्या त्यागाचाही त्यात वाटा आहे. आणि आपण त्या पाण्याचे काय केले? 1960 नंतर रसायनीच्या परिसरात कारखाने आले, अनेकांच्या घरी चूल पेटली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच नदीत कारखान्यांचे सांडपाणीही मिसळू लागले. आणि दोष केवळ कारखान्यांचा नाही. निर्माल्य, गावचा केरकचरा, रंगविलेल्या मूर्ती हे सारे आपणच भक्तिभावाने तीत सोडतो. ज्या नदीस गंगा म्हणावयाचे, तिच्यातच उकिरडा करावयाचा, ही कोणती भक्ती?

माझी नम्र विनंती एवढीच की, आपल्या मंडळाने यंदा ठराव करावा: ज्ञातीतील एकाही घरचे निर्माल्य नदीत जाणार नाही, ते परसात झाडाच्या मुळाशी पुरले जाईल. प्रथम आपले हात स्वच्छ करू, म्हणजे कारखानदारांस जाब विचारताना आपला आवाज कापणार नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचे माझ्याकडून राहिलेले उत्तर हेच होय.