नेट नसताना रानाचा नकाशा
(भाषणाचा मजकूर)



शिरोली म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एमआयडीसी उभी राहते. भट्ट्या, ओतकाम, मालाच्या गाड्या. पण त्याच शिरोलीत नदीच्या बाजूला आपला ऊस उभा आहे, आणि पंचगंगा फुगली की पाणी आधी त्या उसातच शिरते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. अशा वेळी वीज जाते, मोबाईलचा टॉवर बसतो आणि नेट जाते. नेमकी त्याच वेळी आपल्याला नकाशाची गरज असते.

म्हणून आज मी आपल्याला नेट नसताना लॅपटॉपवर जीपीएस आणि नकाशा कसा वापरायचा, ते सांगणार आहे. हे आपले काम नव्हे, असे म्हणू नका. आता पुष्कळ घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी कारखान्यात डिझाईनच्या कामाला असते, नाहीतर कॉलेजात शिकते. लॅपटॉप घरात आहे. त्याला रानात न्यायचे, एवढेच.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. जीपीएसला नेट लागत नाही. रेडिओचे जसे असते तसेच हे. केंद्र बोलते, आपला रेडिओ फक्त ऐकतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सारखी वेळ सांगत असतात. आपले यंत्र ती वेळ ऐकते, संदेश पोहोचायला किती उशीर लागला यावरून अंतर काढते, आणि निदान चार उपग्रह मिळाले की आपण कुठे उभे आहोत ते सांगते. याला बिल नाही, टॉवर नाही. मग नेट कशाला लागते? नेट लागते ते नकाशाचे चित्र आणायला.

माझीच चूक सांगतो. २०२१ च्या पुरानंतर नदीकाठच्या एका गावी मी लॅपटॉप घेऊन गेलो होतो. कार्यालयात नकाशा छान दिसत होता. रानात उघडला तर पडदा पांढराफेक, आणि त्यात एक ठिपका लुकलुकतोय. शेजारी उभे असलेले एक म्हातारबा म्हणाले, "साहेब, ठिपका हाय, पण गाव कुठाय?" मी नकाशा साठवून घेतलाच नव्हता. तिथे दोन शेजाऱ्यांमधला बांध गाळाखाली गेला होता. बांध कुठे होता यावर दोघांचे एकमत होईना, आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही. त्या दिवशी काम तसेच ठेवून परतावे लागले. नुकसान त्यांचे झाले होते आणि खोळंबाही त्यांचाच झाला.

तेव्हा तयारी उन्हाळ्यात करायची, मिरगाच्या आधी. क्यूजीआयएस नावाची नकाशाची प्रणाली फुकट मिळते. ती लॅपटॉपवर घालून घ्या. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशाची पश्चिम भारताची फाईलही फुकट उतरवून घेता येते. त्यात महामार्ग, सांगली फाटा, नदी आणि मोठे रस्ते असतील. आपली पाणंद, विहीर आणि मोटारीची खोपी मात्र त्यात बहुधा नसेल. ती आपण घालायची.

आता परीक्षा घ्या. नेट बंद करा, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा आणि नकाशा उघडा. दिसला तर साठला. पांढरा पडदा आला तर अजून काम बाकी आहे. ही परीक्षा घरी घ्या, पुरात नको.

लॅपटॉपमध्ये सहसा जीपीएस नसते. त्यासाठी यूएसबीला लावायचे छोटे यंत्र मिळते. ते नको असेल तर मोबाईलवर चालण्याची नोंद करणारे अॅप घ्या, बांधाने फिरा, आणि ती फाईल तारेने लॅपटॉपवर घ्या. याला नेट लागत नाही. नेट नसताना मोबाईलला पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटे लागू शकतात. घाई करू नका, मोकळ्या आभाळाखाली उभे राहा. वाढलेल्या उसात किंवा झाडाखाली आकडा बिघडतो, म्हणून लावणीच्या आधी किंवा तोडणीनंतर फिरा.

कोणकोणत्या जागा नोंदवायच्या? रानाचे कोपरे, विहीर, मोटार, विजेचा डीपी, पाणंदीचे तोंड, आणि जनावरे हलवायची उंचावरची जागा. शिवाय २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आले होते ती जागा. घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्या. पाण्याची खूण त्यांना ठाऊक असते, यंत्राला नसते.

आकडे तपासायची एक सोपी खूण सांगतो. आपल्याकडे अक्षांश १६.७ च्या आसपास आणि रेखांश ७४.३ च्या आसपास येतो. हे दोन उलटे लिहिले की आपले रान थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जाऊन पडते! क्षेत्र काढताना नकाशाची पद्धत यूटीएम ४३ उत्तर अशी ठेवा, म्हणजे उत्तर चौरस मीटरमध्ये मिळेल. १०० चौरस मीटर म्हणजे एक आर. आपला गुंठा त्याहून किंचित मोठा, १०८९ चौरस फुटांचा.

आता याची मर्यादाही ऐका. साध्या यंत्राची चूक १०-१५ फुटांची असू शकते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. एकरभर रानात ही चूक खपून जाईल, पण ४० फूट रुंदीच्या पट्टीत १० फुटांची चूक म्हणजे चौथा हिस्सा गेला. म्हणून दोनदा फिरा आणि सातबारावरच्या क्षेत्राशी ताडून पाहा. आणि हा नकाशा घेऊन भावकीत भांडू नका. हद्द ठरते ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने. आपला नकाशा म्हणजे आठवण, पुरावा नव्हे. मात्र बांध गाळाखाली गेला तरी कुठे शोधायला लागायचे, हे तो दाखवतो.

पूर ओसरला की पाण्याच्या रेषेने फिरा, तिची नोंद घ्या आणि फोटो काढा. पंचनाम्याला माणसे येतील तेव्हा कोणत्या गटात कुठपर्यंत पाणी होते ते नीट दाखवता येईल. यंत्राने दाखवलेल्या उंचीवर मात्र भरवसा ठेवू नका. आडव्या जागेपेक्षा उंचीची चूक मोठी असते. पाणी किती चढणार, हे बंधाऱ्याच्या पातळीवरूनच ठरवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. साठवलेल्या नकाशाला पाणी दिसत नाही. महामार्ग बुडालेला असला तरी तो त्याच रस्त्याने जा म्हणून सांगेल. रस्त्यावर आडवी काठी लावलेली असेल तर काठीचे ऐका, नकाशाचे नको. नकाशापायी कुणी ट्रॅक्टर पाण्यात घालू नये.

थोडक्यात, नकाशा उन्हाळ्यात साठवा. नेट बंद करून तपासा. फाईलची एक प्रत पेनड्राईव्हवर काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. कोपऱ्यांचे आकडे वहीत लिहून ती वही सातबाराच्या उताऱ्याबरोबर ठेवा. लॅपटॉपची बॅटरी दोन-चार तासांत संपेल, वही संपत नाही.

यंदा पूर येईल की नाही, ते आपल्या हातात नाही. रानाचे चार कोपरे लिहून ठेवणे आपल्या हातात आहे. तेवढे येत्या उन्हाळ्यात जरूर करा.