पूर ओसरल्यावरची वर्गणी

(मंडळाच्या वार्षिक सभेत कार्यकारिणीतर्फे केलेले भाषण)



इंदूरला समुद्र नाही, मग बचाव-होड्यांचा विषय इथे कशाला, असे कोणी विचारील. पण पाणी आपल्यालाही सोडत नाही. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला इंदूरचेच एक कुटुंब वाहून गेले; पाचांपैकी तिघे परतले नाहीत. २०१९ मध्ये अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे भोपाळच्या खटलापुरा घाटावर विसर्जनाची होडी उलटली आणि अकरा तरुण गेले. बाप्पाला निरोप द्यायला गेलेली ती मुले आपल्याच घरांतल्या मुलांसारखी होती.

सरकारी पथके येतात आणि जिवावर उदार होऊन काम करतात. पण त्यांना पोहोचायला तास लागतात. बुडणाऱ्याच्या हाती मिनिटे असतात. त्या मिनिटांत पाण्यात उतरतात ते काठावरचे कोळी, नावाडी आणि स्थानिक स्वयंसेवक. लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र', कोल्हापूरची 'व्हाइट आर्मी' ही अशीच पथके. यांतली माणसे नोकरी-धंदा सांभाळून, बोलावणे आले की हातातले काम टाकून निघतात.

ब्रिटनमध्ये १८२४ साली स्थापन झालेली जीवरक्षक नौकांची संस्था आजही मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर आणि मृत्युपत्रांतून आलेल्या रकमांवर चालते. तिच्याखेरीज किनाऱ्यावरच्या काही गावांनी आपापल्या स्वतंत्र नौकाही ठेवल्या आहेत. त्या टिकल्या, कारण गावाने त्यांना दरवर्षी पोसले.

आपली रीत वेगळी. पूर आला की आपण भरभरून देतो. पूर ओसरला की विसरतो. नव्या होडीला हार घालायला सगळे येतात, इंजिनाच्या दुरुस्तीला कोणी येत नाही. रबरी बोट उन्हाने विरते, पडून राहिलेल्या पेट्रोलने इंजिन चोंदते, लाइफ जॅकेटचे पट्टे कुजतात. नुसती होडी पुरत नाही, हे २०१९ च्याच महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळने दाखवले. होडी होती, पण क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली. ती उलटली आणि लोक बुडाले. जॅकेट, दोर, सराव, शिस्त आणि स्वयंसेवकांचा विमा, हे सारे मिळून बचाव होतो. यांतल्या एकाचाही फोटो चांगला येत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही.

म्हणून कार्यकारिणीचा प्रस्ताव असा. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून शेकडा पाच रुपये दरवर्षी, पूर असो वा नसो, नर्मदाकाठच्या एखाद्या स्वयंसेवी बचाव पथकासाठी वेगळे काढावेत. पथक निवडताना आपण जाऊन त्यांचा सराव पाहावा, हिशेब पाहावा, आणि काय हवे ते त्यांनाच विचारावे. सामानावर आपल्या मंडळाचे नाव घालण्याचा आग्रह धरू नये.

हे पैसे कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. मंडपाची रोषणाई थोडी कमी होईल. एका संध्याकाळचा कार्यक्रम बाहेरच्या कलाकारांऐवजी आपल्याच मुलांचा होईल. काहींना ते खटकेल, हे आम्ही जाणतो.

पण अहिल्याबाईंनी महेश्वरला घाट बांधले, त्या घाटांवर आपल्या पिढ्यान्‌पिढ्या स्नानाला उतरल्या. पाण्यात उतरायची सोय त्यांनी केली. उतरलेला माणूस सुखरूप वर यावा, एवढी काळजी आपण वाहू या.

प्रस्तावावर आपले मत मोकळेपणाने मांडावे, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!