चाळीतला कांदा आणि दिलेला शब्द

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग कांद्याचा आहे. म्हणजे खरं तर खरेदीचा आहे, पण मी कांद्यापासून सुरुवात करणार, कारण या विषयात माझं नाक कापलं गेलं ते कांद्यामुळेच.

माझा मामा येवला तालुक्यात असतो. उन्हाळ कांदा करतो. डिसेंबर-जानेवारीत लागण, मार्च-एप्रिलमध्ये काढणी, आणि मग तो कांदा चाळीत. ज्यांनी चाळ बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते: जमिनीपासून उंच, बाजूंनी हवा खेळेल अशा पट्ट्या, वर छप्पर. आपण जून ते ऑक्टोबर जो कांदा खातो, तो बहुतेक अशाच कुठल्यातरी चाळीतून आलेला असतो. तिथे तो नुसता पडून नसतो बरं का. वाळतो, वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात. मामा म्हणतो, "चाळ म्हणजे बँक नाही पोरी, जुगार आहे. मे महिन्यात विकला तर भाव पडलेला, ठेवला तर कांदाच कमी होतो."

तर काही वर्षांपूर्वी मला उत्साह आला. म्हटलं, आपल्या पुण्यातल्या सोसायटीसाठी थेट मामाकडून कांदा आणायचा. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक मिळाली, त्यामुळे नियमाची अडचण नव्हती. बावीस घरं तयार झाली. किलोला अठरा रुपये, टेम्पोभाड्यासकट, घरपोच. एकूण सहाशे किलो. निम्मा मे महिन्यात, निम्मा ऑगस्टमध्ये. ग्रुपवर हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे इमोजी. 'शेतकरी जगला पाहिजे' वगैरे सगळं लिहून झालं. मीसुद्धा लिहिलं.

मे महिना छान गेला. ऑगस्टमध्ये भाव पडला. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर पन्नासला चार किलो! आणि मग मेसेज यायला लागले. "आमच्याकडे अजून शिल्लक आहे." "आम्ही गावाला चाललोय." "या वेळी आमचं राहू दे." बावीसपैकी तेरा घरं गळाली. टेम्पो दुसऱ्या दिवशी निघणार होता.

मी मामाला फोन केला. आवाज निघेना. तो ऐकून घेऊन म्हणाला, "असू दे गं. व्यापारी पण हेच करतो. फक्त तो आधी एवढं गोड बोलत नाही."

उरलेला पावणेदोनशे किलो माल त्याने बाजारात सात रुपयांनी घातला. नुकसान म्हणाल तर दीड-दोन हजारांचं. त्याने तो विषय पुन्हा काढलाही नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याचा अर्थ सरळ होता. आम्ही 'थेट शेतकऱ्याकडून' घेत होतो, पण जोखीम पूर्वीसारखी सगळी त्याच्याच अंगावर होती. मधला माणूस काढला आणि त्याच्या जागी आम्ही बसलो, एवढंच.

त्यानंतर मी जरा वाचायला लागले. 'फेअर ट्रेड' हा शब्द आपण महागड्या कॉफीच्या किंवा चॉकलेटच्या पाकिटावर बघतो. मला वाटायचं, श्रीमंतांचं मन शांत करणारा शिक्का असेल. थोडा तसा वापरही होतो. पण त्यामागची कल्पना बघा. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हॅवेलार' नावाचं लेबल निघालं, मेक्सिकोतल्या छोट्या कॉफी उत्पादकांसाठी. नाव घेतलं १८६० च्या एका डच कादंबरीवरून. जावा बेटावर डच वसाहतवाल्यांनी शेतकऱ्यांना कसं पिळलं, ते त्या कादंबरीत आहे. नियम मात्र एकदम रोकडा. एक किमान भाव ठरवायचा. बाजार त्याच्या खाली गेला तरी किमान भाव द्यायचाच. बाजार वर गेला तर बाजारभाव द्यायचा. दोन्हीपैकी जो जास्त असेल तो. शिवाय थोडी वरकड रक्कम शेतकऱ्यांच्या संस्थेला. ती शाळेवर खर्च करायची की रस्त्यावर, हे त्यांनी ठरवायचं. आणि त्यांनी मागितली तर काही रक्कम आगाऊ.

हे वाचलं आणि म्हटलं, अरे, आमचं चुकलं ते इथे! आम्ही भाव ठरवला होता, पण तो भाव म्हणजे शब्द आहे, हे ठरवलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा मीटिंग घेतली. आली नऊ घरं. मामालाही फोनवर घेतलं. त्याने हिशेब मांडला: रोप, लागणीची मजुरी, खतं, काढणी, चाळीतली घट. कागदावर तीन गोष्टी लिहिल्या. एक, सोळाच्या खाली भाव जाणार नाही. दोन, लासलगावचा भाव वर गेला तर तो भाव, अधिक भाडं. तीन, निम्मे पैसे मे महिन्यातच द्यायचे, कारण त्याला मजुरांचे पैसे तेव्हाच चुकवायचे असतात. चाळीत जे सडेल त्याची घट निम्मी-निम्मी.

त्या वर्षी काय झालं? भाव चढला! हातगाडीवर पंचेचाळीस झाला. आम्हाला मामाचा कांदा अठ्ठावीसला पडला. तरीही एकाने विचारलंच, "सोळा ठरले होते ना?" मी काही बोलायच्या आत आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "सोळा खाली न जाण्यासाठी होते. वर न जाण्यासाठी नव्हते." विषय संपला. आज सतरा घरं आहेत.

आता एक प्रश्न तुम्ही विचारणार. मग हातगाडीवाल्या मावशींचं काय? रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासनिबंधात म्हटलंय की ग्राहक कांद्यासाठी जो रुपया देतो, त्यातले साधारण ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. ऐकलं की वाटतं, बाकीचे चोरीला जातात. तसं नाही. त्यात हमाली आहे, गाडीभाडं आहे, नासाडी आहे, ठोक व्यापाऱ्याचा नफा आहे, आणि दिवसभर उन्हात उभं राहणाऱ्या त्या मावशींची रोजीही आहे. बाकीची भाजी मी अजून त्यांच्याकडूनच घेते. दोन रुपयांसाठी घासाघीस मात्र बंद केलीय. आपण मॉलमध्ये छापील किमतीवर कधी घासाघीस करतो का हो?

अजून एक शिकले. मामाच्या मालात गोल्टी येते, म्हणजे बारीक कांदा. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, "हे काय, सोलायला किती वेळ लागतो!" शहराला एकसारखा, गोल, मोठा कांदा हवा असतो. साधं राहणं म्हणजे आपल्याला काहीतरी भारी तत्त्वज्ञान वाटतं. माझ्यापुरतं ते गोल्टी सोलण्याइतकं साधं आहे. आमटीत ती अख्खी टाका, मस्त लागते. आणि कांदा पिशवीत बांधून ठेवू नका, हवा लागू द्या. टोपलीत पसरा. बटाट्याच्या शेजारी तर अजिबात नको.

या सगळ्याने शेतकऱ्यांचा प्रश्न सुटतो का? नाही. मामाच्या चाळीत दोनशे क्विंटल असतो, आम्ही सहा-सात क्विंटल उचलतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली, तीही ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्याची अट ठेवून. तेव्हा आमच्या सतरा घरांनी काय होणार होतं? पण ती बंदी कशासाठी येते, हेही बघा. कांदा महागला की आपण शहरवाले ओरडतो म्हणून. कांदा चार रुपये झाला की आपण ओरडत नाही, भजी करतो. निदान त्या ओरडण्यात आपला आवाज किती असावा, हे तरी आपल्या हातात आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करून बघा. घरात वर्षभर लागणारी एकच वस्तू निवडा. ज्वारी, गूळ, हळद, काहीही. ती पिकवणारा ओळखीतला माणूस शोधा. आणि भाव विचारण्याआधी त्याला विचारा, "तुम्हाला किती खर्च येतो?" पण शब्द दिलात, तर भाव पडल्यावरही तो पाळायची तयारी ठेवा. नसेल तर देऊ नका. सरळ बाजारातून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

गेल्या मे महिन्यात मामाला आगाऊ पैसे पाठवले, तेव्हा त्याचा फोन आला. म्हणाला, "मिळाले. या वर्षी गोल्टी जरा जास्तच आहे हां, आधीच सांगतो."

मी म्हटलं, "पाठवा मामा. सोलू."

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.