लोक काय विचारतात, आपण काय लिहितो

(कोल्हापुरात तरुण कार्यकर्त्यांच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे, 'आपली वेबसाइट गुगलवर लोकांना कशी सापडेल?' मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, भाषणाची मला सवय नाही. म्हणून घरातल्याच एका प्रसंगापासून सुरुवात करतो.

माझी मामेबहीण बारावीनंतरच्या प्रवेशाच्या धावपळीत होती. मामाचं घर बागवान. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत बागवान आहेत. पण मामाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच असेल. आता जातीचा दाखला काढायचा कसा? तिनं दोन दिवस मोबाइलवर शोधलं. पैसे घेऊन काम करून देतो म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ सापडले, अर्धवट माहितीची पानं सापडली. शेवटी तिनं मला फोन केला, "भाई, याची माहिती मराठीत कुठंच नाही का?"

मला ओशाळल्यासारखं झालं. कारण ज्या छोट्या माहितीपर साइटचं तांत्रिक काम मी फावल्या वेळात करतो, तिथं नेमका याच विषयावर लेख होता. त्याचं शीर्षक होतं 'कागदांच्या अरण्यात हरवलेला समाज'. शीर्षक छान आहे. पण असे शब्द टाइप करून दाखल्याची माहिती कोण शोधणार? आणि तिला हवी असलेली माहिती लेखाच्या अकराव्या परिच्छेदात होती.

त्या रात्री मी पहिल्यांदा आमच्या साइटचं सर्च कन्सोल नीट उघडून बसलो. आज त्याच्याबद्दल सांगणार आहे.

हे साधन काय आहे?

पूर्वी याला गुगल वेबमास्टर टूल्स म्हणायचे. २०१५ साली नाव बदलून गुगल सर्च कन्सोल झालं. बिंगचंही असंच साधन आहे. दोन्ही फुकट आहेत.

आपल्या करवीर नगर वाचन मंदिराचं उदाहरण घ्या. १८५० सालापासूनचं ग्रंथालय. तुम्ही पुस्तक लिहिलं आणि घरी कपाटात ठेवलं, तर वाचकाला ते मिळणार नाही. आधी ग्रंथपालाला पुस्तक आहे हे कळलं पाहिजे, मग त्याची नोंद वहीत झाली पाहिजे, आणि वाचकानं विचारल्यावर ग्रंथपालाला ते आठवलं पाहिजे. गुगलचंही असंच चालतं. त्याचा प्रोग्रॅम पानं वाचत फिरतो, त्यांची नोंद करतो आणि कुणी विचारलं की त्यातली योग्य वाटणारी पानं दाखवतो. सर्च कन्सोल म्हणजे ग्रंथपालाच्या वहीतलं आपल्यापुरतं पान. आपलं काय नोंदलं, काय नाही आणि लोकांनी काय विचारल्यावर आपलं नाव पुढे आलं, हे त्यात दिसतं. यातून कुणाला पैसे देऊन वरचा नंबर मिळत नाही. तसा दावा करणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

साइट तुमची आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. डोमेनच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकून, किंवा साइटवर एक छोटी फाइल ठेवून ते होतं. इथं संस्थांसाठी एक सूचना. हे खातं एका कार्यकर्त्याच्या खाजगी ईमेलवर ठेवू नका. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, पासवर्ड विसरला, की संस्थेच्या हातात काही उरत नाही. संस्थेचा ईमेल वापरा आणि किमान दोन जणांना मालकीचे अधिकार द्या.

आधी बघा, नोंद झाली आहे का?

'पेजेस' नावाचा अहवाल उघडा. किती पानांची नोंद झाली आणि किती पानं बाहेर राहिली, कारणासकट, तिथं दिसतं. आम्हाला तीन गोष्टी सापडल्या.

पहिली चूक माझीच. साइट बांधताना वर्डप्रेसमध्ये 'सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये' अशी एक चौकट असते, तिच्यावर मी खूण केली होती. साइट सुरू झाल्यावर ती काढली, पण एका विभागावर तीच मनाई वेगळी लावलेली होती आणि ती तशीच राहिली. म्हणजे दुकान उघडून शटर अर्धं खाली ठेवल्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट पीडीएफ आणि पोस्टरची. आपल्या चळवळींना पोस्टरचं फार वेड. शिबिराची तारीख, योजनेची माहिती, कागदपत्रांची यादी, सगळं एका रंगीत चित्रात. व्हॉट्सअॅपवर ते चालतं. पण चित्रातली अक्षरं गुगल वाचेलच याचा भरवसा नाही. माहिती पानावर साध्या मजकुरात लिहा आणि पोस्टर हवं तर सोबत लावा.

तिसरी गोष्ट खास मराठीची. आमचे काही जुने लेख डीटीपीच्या काळातल्या फाँटमध्ये होते. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. छापलेल्या कागदावर ती मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग असते. असा मजकूर साइटवर टाकला तर मराठीत शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही. आम्ही ते सगळं युनिकोडमध्ये आणलं. बदललेला मजकूर डोळ्यांनी तपासावा लागतो, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

त्यानंतर साइटमॅप द्या. साइटमॅप म्हणजे आपल्या सगळ्या पानांची यादी. वर्डप्रेस २०२० पासून ही यादी आपोआप बनवतं. तिचा पत्ता सर्च कन्सोलमध्ये एकदा भरायचा. एखादं महत्त्वाचं पान नवं लिहिलं किंवा दुरुस्त केलं, तर त्याचा पत्ता वरच्या चौकटीत टाकून नोंदीची विनंती करता येते. विनंती केली की लगेच काम होतं असं नाही, पण आपण कळवल्याची नोंद होते.

मग बघा, लोक काय विचारतात

'परफॉर्मन्स' हा अहवाल मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यात गेल्या १६ महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. चार आकडे असतात. तुमचं पान निकालात किती वेळा दिसलं, किती जणांनी त्यावर क्लिक केलं, दिसणं आणि क्लिक यांचं प्रमाण किती आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होतात. खाली लोकांनी टाइप केलेले शब्द असतात.

ती यादी वाचताना मी चक्रावलो. आम्ही 'सामाजिक मागासलेपणाची मीमांसा' लिहीत होतो आणि लोक विचारत होते, 'बागवान जात ओबीसी आहे का', 'दाखल्यावर मुसलमान लिहिले आहे काय करावे', '१९६७ चा पुरावा नसेल तर'. अनेकांनी मराठी रोमन लिपीत टाइप केलेली, स्पेलिंग जमेल तसं. या प्रश्नांना आमचं पान दिसत होतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कुठंतरी. आणि दिसलं तरी ते शीर्षक वाचून कुणी क्लिक करत नव्हतं.

मग आम्ही लेखाला हात घातला. मूळ लेख तसाच ठेवला, कारण तो विचार म्हणून महत्त्वाचा आहे. एक नवं पान लिहिलं. शीर्षक दिलं, 'मुस्लिम ओबीसी जातीचा दाखला: १९६७ पूर्वीचा पुरावा कुठे शोधावा?' पहिल्याच परिच्छेदात उत्तर. ओबीसींसाठी मानीव तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे. त्याआधीची जातीची नोंद वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची असली तरी उपयोगी पडते. वडील, आजोबा, चुलते, आत्या, चुलत आजोबा. शाळेचं जनरल रजिस्टर बघा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद बघा. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो आणि त्याची वैधता जिल्ह्याची जात पडताळणी समिती तपासते. प्रत्येक प्रश्नाला वेगळं उपशीर्षक दिलं, तेही लोकांनी विचारलं त्याच शब्दांत. पान कधी तपासलं ती तारीख वर लिहिली, कारण नियम बदलतात आणि जुनी माहिती माणसाला नुसते हेलपाटे घालायला लावते.

यात कसलीही युक्ती नाही. तोच तोच शब्द वीस वेळा घुसडायचा नाही. पानाच्या आत लपवून 'कीवर्ड' लिहायची पद्धत अजून काही जण शिकवतात. गुगलनं २००९ सालीच जाहीर केलं आहे की क्रम लावताना ते बघत नाही.

तुम्ही काय करायचं? जी पानं पुष्कळ वेळा दिसतात पण ज्यांच्यावर क्लिक कमी होतात, त्यांची शीर्षकं बदला. जी आठव्या ते विसाव्या क्रमांकावर आहेत, त्यांत काय अपुरं आहे ते शोधून भरा. आणि ज्या प्रश्नासाठी आपल्याकडे पानच नाही, तो पुढच्या लेखाचा विषय समजा.

दोन भाषांत साइट चालवणाऱ्यांनी मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर खाली-वर ठेवू नये. प्रत्येक भाषेला स्वतंत्र पान द्या आणि ही दोन पानं एकमेकांची भाषांतरं आहेत हे सांगणारी एचरेफलँग नावाची खूण दोन्हीकडे लावा. आणि गुगल आता साइटचं मोबाइलवरचं रूपच वाचतं, म्हणून मोठमोठी चित्रं लहान करा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. राधानगरीच्या एसटीत बसून वाचणाऱ्या मुलीसाठीही तोच निकष धरा.

आकड्यांचा मोह

एक धोका सांगतो. हे आकडे रोज बघायची चटक लागते आणि मग जे जास्त शोधलं जातं तेच लिहावंसं वाटतं. जून २०२३ मध्ये आपल्या शहरात मोबाइल स्टेटसवरून काय झालं, ते तुम्ही पाहिलं आहे. दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. अशा दिवसांत लोक भीतीपोटी काहीही शोधतात आणि सनसनाटी शीर्षकाला भरपूर क्लिक मिळतात. ते क्लिक घेऊ नका. त्या वेळी माणसाला उपयोगी पडतं ते आधीपासून लिहून ठेवलेलं, तपासलेलं पान. शाहू महाराजांनी १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आजही उभं आहे. हे आपण भाषणात नेहमी सांगतो. पण बाहेरगावच्या एखाद्या मुलानं मोबाइलवर विचारलं, तर आपण लिहिलेलं किती सापडतं? आज घरी जाऊन शोधून बघा.

सर्च कन्सोल सगळं सांगत नाही. कुणी शोधलं ते सांगत नाही आणि अगदी मोजक्या लोकांनी विचारलेले शब्द गुप्ततेसाठी झाकून ठेवतं. ते बरोबरच आहे. अलीकडे तर गुगल वरच एआयचं तयार उत्तर देतं, त्यामुळे माहिती आपली असली तरी लोक आपल्या पानापर्यंत येतीलच असं नाही. आणि वाचणाऱ्याचं काम झालं का, हे कुठल्याच अहवालात दिसत नाही. म्हणून आम्ही त्या पानाच्या तळाशी एक ओळ लिहिली, 'दाखला मिळाला का? कुठे अडलं? कळवा.' येणारी उत्तरं थोडी असतात, पण पान त्यातूनच सुधारत जातं.

मामेबहिणीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. चुलत आजोबांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात, शाईनं लिहिलेली, 'मुसलमान बागवान' अशी नोंद सापडली. तिच्यावरून दाखला निघाला. ती नोंद इतकी वर्षं तिथंच होती, पण कुठं बघायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

तर या आठवड्यात एक संध्याकाळ काढा. साइट सर्च कन्सोलला जोडा, बाहेर राहिलेली पानं बघा आणि लोकांच्या प्रश्नांतले पहिले दहा कागदावर उतरवा. मग घरी अम्मीला विचारा, "हे तुला शोधायचं असतं, तर तू काय बोलली असतीस?" तिच्या शब्दांत एक शीर्षक लिहून पुढच्या बैठकीला आणा. मी लॅपटॉप घेऊन येतो, आपण एकत्र बसू.