समजल्याशिवाय सही नको

आम्ही बचत गटाच्या बाया आज तुमच्याशी विम्याच्या कागदांबद्दल बोलणार आहोत.

आमच्या गटातल्या एक काकू सोयाबीनचे पैसे ठेव म्हणून ठेवायला बँकेत गेल्या होत्या. तिथल्या साहेबांनी "यात जास्त फायदा आहे" म्हणत चार सह्या घेतल्या. वर्षानं निरोप आला, "दुसरा हप्ता भरा." तेव्हा कळलं, ती ठेव नव्हतीच. दहा वर्षं हप्ते भरायचा विमा होता.

आम्ही सहाजणी बँकेत गेलो. बँक म्हणाली, "पॉलिसी कंपनीची आहे, तिकडे विचारा." कंपनी म्हणाली, "आम्ही विकणाऱ्याला सगळी माहिती दिली होती. बाईंनी समजल्याची सही केली आहे." आणि खरंच, फॉर्मच्या तळाशी 'हे सर्व मला माझ्या भाषेत समजावून सांगितले' अशा अर्थाची ओळ होती. ओळ इंग्रजीत, खाली काकूंची मराठी सही!

मैत्रिणींनो, विमा तयार करते कंपनी, विकतो एजंट किंवा बँकेतला माणूस. कंपनीनं त्याला नीट माहिती द्यायची आणि त्यानं ती आपल्याला समजावून सांगायची. जबाबदारी दोघांचीही आहे. माहिती उलटीही जाते. आपलं वय, उत्पन्न, आजारपण फॉर्ममधून कंपनीला कळतं. भरणाऱ्यानं "शुगरचं नका लिहू" म्हटलं आणि आपण गप्प बसलो, तर उद्या दावा आपलाच अडकतो. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही नको. भरलेला फॉर्म वाचून घ्या, त्याची प्रत मागा.

विकणाऱ्याला हे विचाराच: ही ठेव आहे की विमा? हप्ता किती, किती वर्षं? मध्येच थांबलो तर हातात काय येईल? कशाचे पैसे मिळणार नाहीत? उत्तरं कागदावर लिहून मागा. आरोग्य विम्यासोबत सोप्या भाषेतलं ग्राहक माहिती पत्रक देणं १ जानेवारी २०२४ पासून कंपन्यांना बंधनकारक आहे. ते मराठीत हवं असं सांगा.

पॉलिसी हातात पडली की पाकिटावर तारीख लिहा. पटली नाही तर मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात. पूर्वी ही मुदत साधारण १५ दिवसांची होती, २०२४ मध्ये ती वाढली. काकूंचं पाकीट वर्षभर ट्रंकेतच राहिलं. त्यांचं ऐकून आमच्यातल्या एका ताईंनी मात्र आपलं पाकीट उघडलं, गटात वाचून घेतलं आणि विसाव्या दिवशी पॉलिसी परत केली. त्यांचे पैसे आले.

मुदत गेली तरी तक्रार करता येते. आधी कंपनीकडे लेखी द्या, पोच घ्या. विमा नियामकाचा तक्रारीसाठी फोन आहे १५५२५५. कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र एका वर्षाच्या आत जायला हवं.

काकूंची तक्रार आम्ही लिहून दिली आहे, पोचही घेतली आहे. उत्तराची वाट बघतोय. तोवर आमच्या गटानं ठरवलंय, दर महिन्याच्या बैठकीत कुणाचा ना कुणाचा विम्याचा कागद मोठ्यानं वाचायचा. तुमच्या ट्रंकेत पडलेलं पाकीटही येत्या बैठकीला घेऊन या.