जुन्या फटफटीचा तोल

परभणी जिल्ह्यांतील पेडगांवच्या शिवारांत पहिला मोठा पाऊस झाला कीं काळी माती वाहनांची परीक्षा घेऊं लागते. उन्हाळ्यांत जिला खोल भेगा पडतात, तीच माती पाणी पिऊन फुगते, चाकाला लपेटते आणि चाक व मडगार्ड यांमधील जागा भरून टाकते. अशा वाटेवर फटफटी किती वेगानें धांवते हा प्रश्न उरत नाहीं. ती तोल संभाळून पुढें सरकते कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.

याच प्रश्नावर विलायतेंत ‘ट्रायल’ नांवाचा खेळ उभा राहिला. दगडधोंडे, ओढे व चढ यांतून आंखून दिलेल्या मार्गानें स्वारानें पाय न टेकतां जावयाचें. पाय टेकला कीं दंडाचे गुण पदरीं पडतात. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची स्पर्धा या खेळांत फार मानाची. मागच्या चाकाला स्प्रिंग असलेली गाडी अशा कामाला निरुपयोगी, असें पूर्वी पुष्कळ जाणते समजत. १९५२ सालीं जॉनी ब्रिटननें रॉयल एन्फील्डच्या ३५० बुलेटवर ती स्पर्धा जिंकली आणि तो समज ढासळला. त्याच घराण्यांतील बुलेट १९५५ पासून मद्रासेस जुळविली जाऊं लागली.

अशी एकादी जुनी ट्रायलची गाडी हौसेनें दुरुस्त होते. रंग नवा, टाकी आरशासारखी. परंतु चिखलांत घातली कीं ती एका अंगाला ओढते. मालकास वाटतें, सांगाडाच सदोष आहे. कापून हँडलाचा कोन बदलावा. हा मोह आवरणें अगत्याचें आहे. कापलेला सांगाडा पुन्हां मूळचा होत नाहीं, आणि दोष बहुधा अन्यत्र असतो.

आधीं पुढचें चाक अधांतरीं करून हँडल सावकाश फिरवावें. तें मधोमध अडखळलें, तर कोनसेटमध्यें छर्‍यांनीं खड्डे पाडले आहेत असें समजावें. ग्रीस भरून हा रोग जात नाहीं. कोनसेट बदलावाच लागतो. मग मागचें चाक धरून आडवें हलवावें. तें डुललें, तर चाकाचें बेअरिंग किंवा मागच्या दुभुजाचे बुश झिजलेले असतात. दोन्ही चाकांना दोरा लावून तीं एका रेषेंत आहेत कीं नाहींत, हेंहि पाहावें. पुढच्या शॉकअपांतील जुनें तेल काढून दोन्हींकडे सारख्या मापानें नवें भरावें.

यानंतर टायर. स्पर्धेंत हवा दर चौरस इंचास पांचसहा पौंडांपर्यंत उतरवितात; त्यामुळें टायर पसरून दगडाला धरतो. मात्र त्यासाठीं टायर रिमशीं आवळून धरणारा बोल्ट हवा. नाहींतर टायर सरकून ट्यूबचा व्हाल्व तुटतो. एवढ्या कमी हवेवर पक्क्या सडकेनें जाणें धोक्याचें. सडकेवर येण्यापूर्वीं हवा भरलीच पाहिजे. गाडी मुंगीच्या पावलानें चालावी म्हणून पुढील स्प्रॉकेट एका दांत्यानें लहान करतात. सोळाचे पंधरा केले, तर त्याच गियरमधील वेग सुमारें सहा टक्क्यांनीं घटतो. पायदानें किंचित् मागें घेतलीं कीं उभ्या स्वाराचें वजन तोलाच्या जागीं येतें. हे सारे फेरफार बोल्टांनीं होतात व बोल्टांनींच परत फिरतात.

वजनाचें महत्त्व सॅमी मिलरनें दाखविलें. जड एरियलवर कीर्ति मिळवून तो १९६४ सालीं स्पेनच्या बुल्टाको कारखान्याकडे गेला, आणि १९६५ सालीं हलक्या शेर्पा गाडीवर त्यानें स्कॉटलंडची तीच स्पर्धा जिंकली. जुन्या गाडीला शेर्पा बनवितां येत नाहीं. परंतु निरुपयोगी लोखंड उतरवितां येतें.

एका वेळीं एकच बदल करावा, त्याच ओढ्यांतून त्याच चालीनें गाडी न्यावी आणि फरक वहींत टिपावा. चार बदल एकदम केले, तर कोणता लाभला व कोणता नडला हें कळत नाहीं. जुन्या यंत्राचा खरा जीर्णोद्धार रंगानें पुरा होत नाहीं. काळ्या मातींतून पाय न टेकतां तें पलीकडे गेलें, म्हणजेच तें दुरुस्त झालें.