निवांत कोण बसलंय?

पेडण्याच्या भगवती मंदिरापुढे दोन मोठे काळे दगडी हत्ती उभे आहेत. त्यांचा फोटो काढणारा प्रवासी हमखास दोन पावलं बाजूला सरकतो. विजेच्या तारा नकोत, उभी टॅक्सी नको. मग त्या फोटोला नाव मिळतं, 'सुशेगाद गोवा', म्हणजे निवांत गोवा. माझं भांडण त्या दोन पावलांशी आहे.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. चीनमधल्या चेंगडू शहराच्या पीपल्स पार्कमध्ये 1923 सालापासूनचं हेमिंग चहाघर आहे. बांबूच्या खुर्च्या, झाकणाचे पेले, दुपारभर गप्पा. कान कोरून देणारे कारागीरसुद्धा. याच शहरात 2010 साली मेट्रो धावू लागली, 2021 साली दुसरा विमानतळ आला. फोटोत मात्र एक तर चहाचा पेला, नाही तर काचेचे मनोरे. मेट्रोतून उतरून चहाला आलेला माणूस क्वचितच दिसतो.

आमचा तो माणूस पेडण्यात आहे. मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झालं आणि जानेवारी 2023 मध्ये विमानं उतरू लागली. तोवर पर्यटकाच्या लेखी पेडणे म्हणजे हरमल, केरी आणि फार तर तेरेखोलचा किल्ला. आता तो थेट आमच्या तालुक्यात उतरतो आणि पहिल्याच वाक्यात समुद्र कुठे ते विचारतो! ज्या पठारावर काजू होते, गुरं चरायची, तिथे धावपट्टी आहे. गावातली कितीतरी मुलं टॅक्सी चालवतात. धंद्यात आपल्याला वाटा मिळावा म्हणून त्यांनी केलेली आंदोलनं तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलीच आहेत. तिन्हीसांजेला तिठ्यावर पाय पसरून बसलेला पोरगा निवांत बसलाय की भाड्याची वाट बघतोय, हे फोटोवरून कसं कळणार? त्याच्याशी बोलावं लागतं.

डिचोलीत तर कॅमेरा सरळ फसवतो. शिरगाव-लामगाव भागात लोहखनिज काढून उरलेले खंदक आहेत. त्यांत पावसाचं पाणी साठलं की हिरवंनिळं दिसतं. ड्रोनने वरून टिपलं की झालं तळं! मयेच्या तळ्याशेजारी तो फोटो ठेवला तर परका माणूस कुठलं खरं ते ओळखणार नाही. काठाची तांबडी माती पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेली असते, ती बघायची. 2012 साली खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. रस्त्यावरची धूळ बसली, हे चांगलंच झालं. पण ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते अंगावर आले. त्या दिवसांतल्या डिचोलीचे फोटो काढले असते तर तेही 'सुशेगाद' म्हणून खपले असते.

निगुतीने टिपलेला गोवाही आहे. छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता यांनी गोव्यातल्या कॅथलिक समाजाची कृष्णधवल छायाचित्रं काढली. 'एज ऑफ फेथ' हे त्यांचं पुस्तक 2009 साली आलं. तितक्याच निगुतीने आपल्या वाड्यांवर, वसरीवर, डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात कुणी तरी कॅमेरा घेऊन हिंडायला हवं. बाहेरच्या माणसाची वाट कशाला बघायची? इथे बसलेल्या प्रत्येक मुलाच्या खिशात कॅमेरा आहे. तारा, टॅक्सी, खंदक, सगळं येऊ द्या फोटोत. आणि खाली गावाचं नाव न् तारीख तेवढी लिहून ठेवा.